साठ फुटांचा उलटा उतार

सकाळचे सहासुद्धा वाजले नव्हते आणि फोल्कर्ट उबेन मोठ्या चराच्या काठावर येऊन उभा राहिला होता. पाऊस थांबून जेमतेम तास झाला होता. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची फुकटची टोपी, हातात टेकायला म्हणून आणलेली पाच फुटी सळई. चर गढूळ पाण्यानं अर्ध्याच्या वर भरून वाहत होता. काठाच्या मातीतून दोन्ही बाजूंच्या शेतांच्या नळ्यांची तोंडं बाहेर आलेली होती आणि प्रत्येक तोंडातून पाणी दांडगाईनं चरात पडत होतं. मेंट्सच्या शेताची नळी, चर्चच्या जमिनीची नळी, पलीकडच्या तरुण डॉक्टरनं हौसेनं घेतलेल्या शेताची नळी. सगळ्या वाहत होत्या.

फोल्कर्टची मात्र म्हाताऱ्या माणसाच्या लघवीसारखी थेंबथेंब चालली होती.

तो बराच वेळ बघत राहिला. मग वळून त्यानं आपल्या चाळीस एकरांच्या तुकड्याकडे बघितलं. मका घोट्याएवढा होऊन पिवळा पडला होता. मधल्या खोलगट भागात पाणी तळ्यासारखं साचलं होतं आणि त्यात दोन बदकं फिरत होती.

"पॉपेन," तो मोठ्यानं म्हणाला. आसपास ऐकायला कुणी नव्हतं.

त्र्याण्णव सालचा तो जून. मेपासून आयोवात पावसानं उसंत दिली नव्हती. पण पाणी हे फोल्कर्टला नवं नव्हतं. त्याचं सगळं आयुष्यच जमिनीच्या पोटातलं पाणी बाहेर काढण्यात गेलं होतं. आमच्या भागातली जमीन काळी, सोन्यासारखी, पण मुळात दलदल. चार-सहा फूट खोल चर खणून त्यात भाजक्या मातीच्या नळ्या एकीला एक लावून बसवल्या, त्यांना मोठ्या चराकडे उतार दिला, की सांध्यांतून पाणी आत झिरपतं आणि शेत कोरडं होतं. दहाव्या वर्षी फोल्कर्ट बापाबरोबर असल्या चरात उतरला. आठवीनंतर शाळा सुटली. हिवाळ्यात गुरं, उन्हाळ्यात मका आणि मधल्या काळात लोकांच्या शेतात नळ्या. सेहेचाळीस साली त्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं, गेर्डनं, मिळून चर खणायचं मशीन घेतलं आणि ट्रकच्या दारावर 'उबेन बंधू' असं रंगवून घेतलं. तालुक्यातल्या निम्म्या शेतांखाली उबेनांच्या नळ्या आहेत. कुठली कुठून जाते, किती खोल आहे, हे सगळं फोल्कर्टच्या डोक्यात. कागदावर काही नाही. लोक म्हणायचे, फोल्कर्टनं जमिनीकडे नुसतं बघितलं तरी तिचा उतार सांगतो.

आता तो चौऱ्याऐंशीचा होता. धंदा मुलगा बघायचा, विआर्ड. ट्रकच्या दारावर आता 'उबेन आणि मुलगा' असं होतं. गेर्डचं नाव पासष्ट सालीच पुसलं गेलं होतं.

फोल्कर्टच्या त्या तुकड्याची नळी कुंपणाखालून आयलर्ट पॉपेनच्या शेतात जायची आणि त्याचा कोपरा ओलांडून चरात पडायची. फोल्कर्ट आणि आयलर्ट एका बाकावर बसून शिकलेले. पण एकसष्ट साली ही नळी घातली आणि पुढच्याच वसंतात आयलर्टच्या कोपऱ्यात जमिनीतून पाणी वर फुटायला लागलं. आयलर्ट म्हणाला, नळी उलटी बसलीय, खोदून बघू. फोल्कर्ट म्हणाला, उबेनांची नळी चुकत नाही, खोदायची गरज नाही. बोलाचाली धान्याच्या कोठारावर, दहा माणसांत झाली. तेव्हापासून एकतीस वर्षं दोघं एकाच चर्चमध्ये दोन बाकांच्या अंतरानं बसत होते आणि मागचा पुढच्याच्या मानेकडे बघत होता. बोलणं नव्हतं.

"त्यानंच बोळा घातलाय," फोल्कर्ट न्याहारीला म्हणाला. "मला बुडवायला बसलाय."

सून मार्लिस अंडी वाढत होती. "बाबा, आयलर्ट ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा आहे. त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही. तो कसला बोळा घालतो?"

"त्याला पोरं आहेत."

"एक ओमाहाला, दुसरा सैन्यात."

"पैसे देऊन करून घेतलं असेल."

विआर्ड खाली मान घालून खात होता. छप्पन्न वर्षांचा, बापापेक्षा रुंद, कमी बोलणारा. तो म्हणाला, "बाबा, सोडा ना. एवढा पाऊस कुठल्या नळीला झेपणार? वाफसा आला की बघतो मी."

"बाकीच्यांच्या नळ्यांना झेपतोय. काल बघितलंस तू?"

"हो."

"काय बघितलंस?"

"बघितलं म्हणतोय ना." विआर्ड उठला, अर्धं अंडं बशीत तसंच टाकून त्यानं टोपी घेतली.

फोल्कर्टनं त्या अर्ध्या अंड्याकडे बघितलं. हा पोरगा लहानपणापासून बशी पुसून खाणारा.

नऊ वाजता फोल्कर्ट धान्याच्या कोठारावर गेला. पावसात शेतात कुणाला काम नसलं की सगळे तिथल्या कचेरीत कॉफी पीत बसायचे. तो आत शिरला तसा लुबर्ट मेंट्स म्हणाला, "या, या. काय हो फोल्कर्ट, बदकं विकायचीत का?"

सगळे हसले.

"जोडीनं देता की सुटी?"

"जगाचं पाणी काढलं आणि घरात होडी ठेवायची वेळ आली," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

फोल्कर्टनं कप भरून घेतला. तो त्यानं दोन्ही हातांत धरला. "माझ्या नळीला काही झालेलं नाही. ज्यानं केलंय त्याला माहिती आहे."

"म्हणजे पॉपेननं?" लुबर्टला बोलायची हौस भारी. "पण मग विआर्डनं नीट केली नाही का ती? ऑक्टोबरात तुमचं मशीन होतं ना तिथं, पॉपेनच्या कोपऱ्यात, कुंपणाला लागून. मी सोयाबीन काढत होतो, दोन दिवस बघत होतो."

सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. लुबर्टच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. तो घाईघाईनं म्हणाला, "की नव्हतं? मला आता लांबचं नीट दिसत नाही."

"मशीन होतं," फोल्कर्ट म्हणाला. "मला माहिती आहे."

त्याला माहिती नव्हतं. अर्धी कॉफी ठेवून तो बाहेर आला आणि पिकअपमध्ये कितीतरी वेळ चावी न फिरवता बसून राहिला. काचेवर परत पाऊस सुरू झाला होता.

त्यानंतर चार दिवस फोल्कर्ट मुलावर नजर ठेवून होता. विआर्ड फोनवर बोलत असला की तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचा. शेडमध्ये मशीनच्या चाकांना लागलेली माती बोटानं चाचपून बघायचा. पॉपेनच्या कोपऱ्यातली माती चिकट, निळसर. तशी काही सापडली नाही, पण सापडली नाही म्हणूनच त्याला वाटलं की ती धुतलीय. मार्लिसला त्यानं विचारलं, "ऑक्टोबरात विआर्डचं काम कुठं कुठं होतं?" ती म्हणाली, "मला कुठं आठवतंय?" आणि पटकन कपडे आणायला निघून गेली. बाहेर पाऊस पडत होता. दोरीवर एकही कपडा नव्हता.

दोघंही सामील आहेत, फोल्कर्टनं ठरवून टाकलं. पॉपेनचं आणि माझ्या पोराचं काहीतरी शिजतंय. मी गेलो की हा तुकडा पॉपेनला द्यायचा असेल.

पाचव्या दिवशी दुपारी उघडीप मिळाली. विआर्ड सुटे भाग आणायला गावात गेला होता. फोल्कर्टनं सळई घेतली, कुंपणाची खालची तार बुटानं दाबली, वरची उचलली आणि वाकून पलीकडे गेला. वाकताना पाठीत कळ आली. तो तसाच थांबला, श्वास परत आला तसा चालू लागला.

नळीची रेघ त्याला डोळे मिटूनही सापडली असती. तो तिच्यावरून पावलापावलाला सळई दाबत निघाला. जुनी, बसलेली माती सळईला विरोध करते. कुंपणापासून दहा फुटांवर सळई लोण्यात जावी तशी आत गेली. पुढं तेच. आणखी पुढं तेच. कुणीतरी इथं अलीकडेच खोदून परत बुजवलं होतं.

"सापडला," तो म्हणाला आणि पुढचं पाऊल टाकलं. ते त्या मऊ मातीत गुडघ्यापर्यंत गेलं. दुसरा पाय सावरायला टाकला, तोही गेला. तो कुल्ल्यावर बसला आणि मग आडवा झाला. सळई हातातून सुटून लांब पडली. उठायचा प्रयत्न केला की हात कोपरापर्यंत आत जात होते. एक बूट चिखलानं ओढून घेतला. मोजाही बुटाबरोबर गेला आणि उघडा पाय पांढराफटक, ओला, लहान मुलाच्या पायासारखा दिसत होता.

वीस मिनिटं गेली असतील. गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरचा आवाज आला. आयलर्ट पॉपेन लांबूनच थांबला. तो वाळक्या काटकीसारखा दिसत होता. कानात यंत्र, मांडीवर काठी.

"माझ्या हद्दीत आहेस," आयलर्ट म्हणाला.

एकतीस वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"माहितीय मला."

"उठता येत नाही का?"

"येतंय."

आयलर्ट बघत राहिला. फोल्कर्ट उठला नाही. शेवटी आयलर्टनं ट्रॅक्टरच्या मागची दोरी सोडली आणि त्याच्याकडे टाकली. "काखेखालून घे. मी उतरत नाही, उतरलो तर दोघांनाही मढी म्हणूनच उचलतील."

दोरीनं ओढला जात, पोटावर घसरत, फोल्कर्ट कडक जमिनीवर आला. उठून बसला. तोंडातली माती थुंकली.

"तू माझी नळी खोदलीस."

"खोदली."

"कबूल करतोस?"

"न करायला काय झालं? माझ्या शेतात आहे. पण मी स्वतः नाही खोदली. खोदली कुणी ते घरी जाऊन विचार."

"काय घातलंस तिच्यात?"

आयलर्टनं कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं. त्याला राग आलेला दिसत नव्हता. थकलेला दिसत होता. "फोल्कर्ट, पोराला घेऊन ये आणि मशीन लावून उघडून बघ. बासष्ट सालीच म्हणालो होतो. आता तरी बघ. एक अट आहे. स्वतः खाली उतरून बघ."

त्या संध्याकाळी शेडमध्ये विआर्ड मशीनला ग्रीस लावत होता. फोल्कर्ट एका पायात बूट, एका पायात घरातली सपात अशा अवस्थेत दारात उभा राहिला.

"ऑक्टोबरात पॉपेनकडे काय करत होतास?"

विआर्डचा हात थांबला. त्यानं ग्रीसची पिचकारी खाली ठेवली, फडक्याला हात पुसले, मग तेच हात परत पुसले.

"त्याचा कोपरा फुटत होता. त्यानं बोलावलं. बघायला गेलो."

"मला न सांगता."

"तुम्ही जाऊ दिलं असतं?"

"काय दिसलं?"

"नळी मध्येच बसलीय. साठेक फूट उतार उलटा आहे. गाळ भरलाय, तीन हिस्से बंद. यंदाच्या पावसात उरलेलीही बंद झाली."

"मग तेव्हाच का नाही बदललीस?"

"बदलायची तर तुम्हाला सांगावं लागलं असतं. नळी तुमची आहे."

"मग सांगायचंस!"

विआर्डनं पिचकारी उचलली, परत खाली ठेवली.

फोल्कर्ट त्याच्याकडे बघत राहिला आणि त्याला एकदम कळलं. "मी मरायची वाट बघत होतास."

"बाबा—"

"नाही म्हण."

विआर्डला खोटं बोलता येत नव्हतं. लहानपणीही येत नव्हतं. तो म्हणाला, "नोव्हेंबरात तुम्हाला न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर म्हणाले होते... मला वाटलं, आता कशाला. नंतर करू."

"एका उलट्या नळीसाठी? मला झेपलं नसतं?" फोल्कर्टचा आवाज चढला. "अरे, मला माहिती होतं! तेव्हाच माहिती होतं मला. त्या आठवड्यात उतार धरायच्या खुंट्या गेर्ड लावत होता. गेर्डनं चूक केली. मी बाहेर कुणाला बोललो नाही, भाऊ होता म्हणून. पण मला माहिती होतं."

विआर्डनं मान वर केली. मग पिचकारीचं झाकण लावलं. फक्त म्हणाला, "उद्या उघडतो. तुम्ही काठावरून बघा."

"मी खाली उतरणार," फोल्कर्ट म्हणाला.

फोल्कर्टनं गेर्डला कधीच काही विचारलं नव्हतं, हे खरं होतं. बासष्टच्या त्या भांडणानंतर तो फक्त गेर्डच्या मागे चालू लागला. गेर्डनं नळी बसवली की हा पाणसळ घेऊन वाकायचा आणि बुडबुडा बघायचा. कधी गिऱ्हाइकासमोर, कधी मजुरांसमोर. बोलायचा काही नाही. बघायचा आणि पुढं जायचा. तीन वर्षं हे चाललं. पासष्टच्या मार्चमध्ये गेर्डनं सांगितलं, मला वॉटर्लूला ट्रॅक्टरच्या कारखान्यात काम मिळालंय. फोल्कर्ट म्हणाला, बरं. सोळा वर्षं गेर्ड छपराखाली नटबोल्ट आवळत राहिला आणि एक्क्याऐंशी साली तिथंच, जेवणाच्या सुट्टीत, छातीत कळ येऊन गेला. त्याची बायको गेशे त्याला गावी पुरायला घेऊन आली. पण उबेनांच्या रांगेत, टेकाडावर नको म्हणाली. खालच्या कोपऱ्यातली जागा घेतली. फोल्कर्टला तेव्हा वाटलं होतं, बाई गर्विष्ठ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन कुंपणापाशी लागलं. वारा सुटला होता, आभाळ उंच गेलं होतं. विआर्डनं वरची माती मशीनच्या बादलीनं काढली, शेवटचा फूटभर हातानं, अरुंद पात्याच्या फावड्यानं काढला. नळ्या दिसू लागल्या. विटकरी रंगाच्या, एक एक फुटाच्या, ओळीनं. आयलर्ट काठावर घडीच्या खुर्चीत काठी धरून बसला होता.

शिडी लावली. फोल्कर्ट पाठमोरा, एकेक पायरी चाचपत खाली उतरला. विआर्ड खालून त्याचे घोटे धरून पाय पायरीवर ठेवत होता. खाली ओल्या मातीचा गार वास होता. या वासात त्याची सत्तर वर्षं गेली होती. त्यानं पाणसळ एका नळीवर ठेवली. बुडबुडा वरच्या अंगाला, कुंपणाकडे जायला हवा होता, त्याऐवजी चराकडे पळाला. पुढच्या नळीवर ठेवली. तेच. पुढच्या. तेच.

"बघ," फोल्कर्ट म्हणाला. "बघ गेर्डचं काम."

विआर्ड त्याच्यामागे उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, सांध्यांवर काय आहे ते बघा."

फोल्कर्टनं चष्मा पुसला. वाकला. दोन नळ्यांच्या सांध्यावर माती लागलेलं काहीतरी होतं. अंगठ्यानं त्यानं माती खरवडली. फुटक्या नळीचा खापराचा तुकडा होता, पालथा, सांध्यावर नीट बसवलेला. पुढच्या सांध्यावरही खापर. त्याच्या पुढच्याही.

सांध्यातून माती आत जाऊ नये म्हणून गेर्ड डांबरी कागदाची पट्टी टाकायचा. पहिल्यापासून. तो खापराला हसायचा, म्हणायचा, ही आजोबांची पद्धत. खापरं फोल्कर्ट ठेवायचा. बापानं त्याला तसं शिकवलं होतं आणि त्यानं विआर्डला.

फोल्कर्ट खाली बसला, नळीवरच. विआर्डनं त्याच्या काखेत हात घातला, तो त्यानं झटकला.

आता त्याला आठवलं, आणि आठवलं तसं सगळंच आलं. नोव्हेंबरचा शेवट. जमीन वरून गोठायला लागलेली. मशीन कुंपणाजवळच्या झाडामुळे आत जाईना, म्हणून तेवढा तुकडा हातानं करायचा राहिला होता. गेर्ड तापानं घरी पडलेला. त्यानं निरोप पाठवला होता, मी आल्यावर खुंट्या लावू, थांब दोन दिवस. फोल्कर्ट थांबला नाही. बर्फ पडायच्या आत संपवायचं होतं. त्यानं खुंट्या लावल्याच नाहीत. नजरेनंच उतार धरला. संध्याकाळपर्यंत साठ फूट बसवून, वर माती ओढून, तो घरी येऊन सूप प्यायला आणि झोपला. इतर हजार दिवसांसारखा एक दिवस. पुढच्या वसंतात आयलर्ट बोलला तेव्हा त्याला तो दिवस आठवलाच नाही. गेर्ड आठवला.

"तू ओळखलं होतंस," तो विआर्डला म्हणाला.

"खापर बघितलं तेव्हा."

"म्हणून बुजवलंस."

"हो."

वरून आयलर्टचा आवाज आला. "दिसलं का?"

फोल्कर्टनं वर बघितलं. आभाळाच्या पट्टीत आयलर्टचं डोकं आणि काठीचं टोक दिसत होतं. "दिसलं. माझं आहे."

आयलर्टनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "नळी उलटी आहे एवढंच मी म्हणालो होतो. कुणी बसवली ते मी विचारलं नव्हतं."

"नाही विचारलंस."

"गेर्ड गेला तेव्हा मला वाटलं, तुम्ही भाऊ पैशावरून भांडलात."

फोल्कर्ट उठला, पहिलं खापर उचललं, मग पहिली नळी, आणि काठावर ठेवली. विआर्ड म्हणाला, मी काढतो, तुम्ही वर चला. तो गेला नाही. दुपारपर्यंत त्यानं बावीस नळ्या स्वतः उचलल्या. मग शिडीवर पाऊल उचलेना आणि विआर्ड त्याला खांद्यावर घेऊन शिडी चढला. आयलर्टसमोर. मेलेल्या बोकडासारखा तो पोराच्या खांद्यावर लोंबत वर आला. आयलर्टनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

नवी काळी प्लास्टिकची नळी संध्याकाळी चारला जोडली. मुखातून आधी काळा गाळ आला, मग पाणी, आणि ते दोन रात्री, तीन दिवस थांबलं नाही. मका मात्र गेलाच होता. विआर्डनं तो मोडून सोयाबीन पेरायचं ठरवलं.

शुक्रवारी फोल्कर्टनं स्वच्छ शर्ट घातला आणि मार्लिसला म्हणाला, "मला गेशेकडे सोड."

"कशाला?" मार्लिसनं जरा संशयानंच विचारलं. बारा वर्षांत तो गेशेकडे गेला नव्हता.

"काम आहे."

गेशे गावातल्या वृद्धाश्रमात होती. खिडकीजवळ खुर्ची, छोटं टेबल, त्यावर निळ्या फुलांची चहाची किटली. ती एकोणऐंशीची होती. तिनं फोल्कर्टला बघितलं, पण बस म्हणाली नाही. तोच बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली.

"कुणी मेलं का?" गेशेनं विचारलं.

"नाही."

"मग?"

त्यानं सांगितलं. वाटेत जुळवलेली वाक्यं विसरली, म्हणून नळी, खापर, नोव्हेंबर, सगळं उलटसुलट सांगितलं. गेशे ऐकत होती. मध्ये एकदा तिनं किटलीवरचं कापड सारखं केलं.

"मला वाटायचं गेर्डनं केलंय," तो म्हणाला. "एकतीस वर्षं वाटत होतं."

"त्याला माहिती होतं."

"काय?"

"की तुला तसं वाटतंय. आणि कुणी केलंय तेही. तापातून उठून तो गेला तेव्हा साठ फूट बुजवलेले होते. घरी येऊन म्हणाला, दादानं खुंट्या न लावताच उरकलं, देव करो आणि बरोबर बसलेलं असो."

फोल्कर्टच्या गुडघ्यावरची टोपी खाली पडली. त्यानं उचलली नाही. "मग बोलला का नाही तो?"

"तू विचारलंस?" गेशेचा आवाज चढला नाही. "एकदा विचारायचंस. त्याच दिवशी सांगितलं असतं. तू विचारलंच नाहीस. तीन वर्षं त्याच्या मागून वाकून वाकून बघत फिरलास. तो घरी यायचा आणि ताटावर बसून म्हणायचा, आज दादानं सात वेळा बघितलं. आज दहा वेळा. मी म्हणायची, सांगून टाक. तो म्हणायचा, बघणाऱ्याला काय सांगायचं?"

बाहेर मार्लिस गाडीत बसलेली दिसत होती. फोल्कर्ट बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"मी काय करू?" त्यानं विचारलं.

"आता काय करणार?" गेशे म्हणाली. आणि मग, जरा वेळानं, जणू दुकानदाराला सांगावं तसं: "त्याच्या तिथं पाणी साठतं. खालचा कोपरा आहे. मे महिन्यात गेले तर दगडाच्या निम्म्यापर्यंत होतं. चर्चवाले म्हणतात, बघू. तेवढं कर. मी तुला माफ करतेय असं समजू नकोस. पाणी साठतं म्हणून सांगतेय."

कबरींमध्ये मशीन न्यायला परवानगी नव्हती. सोमवारी विआर्डनं हातानं चर खणला, गेर्डच्या दगडापासून रस्त्याकडेच्या नाल्यापर्यंत, चाळीस फूट. खुंट्या आणि दोरी लावायच्या आधी फावडं लावू दिलं नाही फोल्कर्टनं. तो गुडघ्यांखाली पोतं घेऊन गवतात बसला होता आणि दोरीपासून चराच्या तळापर्यंत काठीनं मोजत होता. एका जागी विआर्ड म्हणाला, एवढं चालतंय, अर्धा इंच आहे. फोल्कर्ट म्हणाला, काढ. मेंट्सांच्या लुबर्टनं रस्त्यावर पिकअप थांबवून विचारलं, "आता मेलेल्यांचंही पाणी काढताय का?" विआर्डनं पुढचं फावडं मारलं, तसा तो गेला.

दुपारी मार्लिस गेशेला घेऊन आली. गेशे गाडीतून उतरली नाही. काच वर ठेवून, पर्स मांडीवर धरून, नाकासमोर बघत बसली. नळी घालून, माती ओढून, वर हिरवळीचे तुकडे परत बसवून झाले तेव्हा पाच वाजले होते. फोल्कर्ट विआर्डच्या आधारानं उठला आणि गाडीपाशी आला. पँटीचे दोन्ही गुडघे काळे झाले होते.

"झालं," तो म्हणाला.

गेशेनं काच चार बोटं खाली केली. आधी त्या हिरवळीच्या शिवणीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"पाऊस पडल्यावर कळेल," ती म्हणाली आणि काच वर केली.

त्या वर्षी पावसाची वाट बघावी लागली नाही. बुधवारी पहाटेपासून जो लागला तो गुरुवारी सकाळी आठला थांबला. फोल्कर्टनं स्वतः फोन फिरवला, पहिल्यांदा चुकीचा लागला, दुसऱ्यांदा बरोबर.

"गेशे," तो म्हणाला, "उघडलंय. मी बघितलेलं नाही अजून. तुला घ्यायला येऊ का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बूट घालते," गेशे म्हणाली.